एकाहत्तरावे पान

मी एक जुने विनोदी पुस्तक आहे. माझे आवरण निम्मे फाटले आहे, पाठ मधोमध मोडली आहे आणि कुणीही मला हातात घेतले की मी आपोआप एकाहत्तराव्या पानावर उघडतो. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की ते पान वाचकांचे फार लाडके असणार. होतेच. माझे सगळे दुखणे त्यातच आहे.

माझे नाव 'डोकं घरी विसरलेली माणसं'. नावाखाली लाल अक्षरांत छापले आहे, 'मूर्खपणाच्या शंभर टक्के खऱ्या गोष्टी'. गॅरेथ डनस्टल नावाच्या गृहस्थाने मला लिहिले. ते बॅलरॅटला राहत आणि पोस्टात कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्रांतली कात्रणे जमवायला सुरुवात केली. कुठे कोण कसा आपल्याच हाताने मेला, कुणी कसे स्वतःचेच घर पेटवून घेतले, अशा बातम्या ते कापत आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. डबे भरले तेव्हा त्यांनी मला लिहायला घेतले. माझ्या शेवटच्या पानावर त्यांचा फोटो आहे. जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर एक लठ्ठ मांजर. चेहऱ्यावरून वाटते की या माणसाने आयुष्यात कुणाला मोठ्याने हटकलेसुद्धा नसेल.

माझ्या चाळीस हजार प्रती निघाल्या. मी त्यांतला एक.

१९९८च्या नाताळात रॉझ नावाच्या बाईंनी मला विकत घेतले आणि आपल्या बहिणीच्या नवऱ्याला भेट दिले. त्याचे नाव वॉरिक. इप्सविचला राहायचा, नळ दुरुस्तीचा धंदा करायचा. त्याने मला संडासातल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. मित्रांनो, नाके मुरडू नका. आमच्याकडे विनोदी पुस्तकाला याहून मानाची जागा नाही. घरातले प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी मला उघडत असे. बंद दाराआडून हसण्याचा आवाज बाहेर जाई आणि बाहेरचा माणूस दारावर थाप मारून म्हणे, "वाचून झालं असेल तर बाहेर ये, बाबा!"

रविवारी दुपारी मात्र मला मागच्या अंगणात नेत. शेगडीवर सॉसेज भाजत असत, माश्या घोंघावत असत, आणि वॉरिकचे दोस्त खुर्च्या ओढून बसत.

"वॉरिक, एकाहत्तर वाच!"

"अरे, तोंडपाठ झालंय सगळ्यांना."

"केविननं नाही ऐकलं. नवा आहे बिचारा. वाच!"

मग वॉरिक चिमटा बाजूला ठेवून, घसा साफ करून वाचायला लागे. ते पान असे होते:

'क्वीन्सलंडमधल्या बिलारा ओढ्याला १९९० साली पूर आला, तेव्हा लायल ट्रँटर (वय ३६) यांनी त्यात गाडी घातली. गाडी अडकली. ट्रँटर साहेब पोहत सुखरूप पलीकडच्या काठाला लागले. इथवर ठीक. पण काठावर उभे राहिल्यावर साहेबांना आठवले, बर्फपेटी गाडीतच राहिली! साहेब परत पाण्यात उतरले. दुसऱ्या दिवशी पोलिसांना पेटी सापडली. आत बिअरचे चार डबे. तिसऱ्या दिवशी साहेब सापडले. बिअर गार होती. साहेब तिच्याहून गार.'

अंगण हसून हसून लोळे. केविन तर खोकायलाच लागला होता. "मी असतो तर मीपण गेलो असतो परत," तो म्हणाला, "बिअर काय झाडाला लागते?" आणि पुन्हा सगळे हसले.

मला तेव्हा केवढा अभिमान वाटायचा! वाटायचे, आपण थकल्याभागल्या माणसांना आनंद देतो. पान तेवढे मजेदार होते आणि मी तेवढेच वाचले होते. पानाच्या पलीकडचे मला काय ठाऊक?

तेरा वर्षे मी तिथे काढली. पुढे वॉरिकच्या हृदयाचे ऑपरेशन झाले, घर विकले गेले, आणि तो मुलीकडे राहायला गेला. माझ्यासकट सगळी पुस्तके खोक्यात भरून तुवूम्बा गावातल्या एका चर्चने चालवलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचती झाली. तीन महिने आमच्या खोक्याकडे कुणी पाहिले नाही. ओल लागून माझी शेवटची पाने चिकटली. दुर्लक्ष म्हणजे काय ते मी तिथे शिकलो. तेव्हा मला तेच सगळ्यात मोठे दुःख वाटले होते.

एका मंगळवारी दोन बायकांनी खोका उघडला. दोघीही तिथे बिनपगारी काम करायच्या. एक ग्लेनिस, बडबडी आणि गोलमटोल. दुसरी नोलीन, सत्तावन्न वर्षांची, उंच, कमी बोलणारी. पुस्तके झटकून पुसायची आणि फळीवर लावायची, एवढे त्यांचे काम. नोलीनने मला पुसता पुसता मध्येच उघडले आणि चाळिसावे पान वाचू लागली.

ती गोष्ट टास्मानियातल्या एका मासेवाल्याची होती. त्याने मासळीच्या शीतघराला नवे दार बसवले. हे कुलूप आतून कुणाच्या बापाला उघडणार नाही, अशी पैज त्याने शेजाऱ्याशी लावली आणि ते सिद्ध करायला स्वतःच आत जाऊन बसला. शेजारी विसरला. बायको केस कापायला गेली होती. 'कुलूप उत्तम निघाले,' असे गोष्टीचे शेवटचे वाक्य होते.

नोलीन इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अगं, काय आहे एवढं?" ग्लेनिस म्हणाली. "मलापण ऐकव की!"

नोलीनने ते वाचून दाखवले. दोघी फळीला धरून हसल्या.

"आणखी एक वाच. छोटी वाच, नाहीतर आज काही काम होत नाही आपलं."

नोलीनच्या हातून माझे पान सुटले आणि मी सवयीने उघडलो. एकाहत्तर.

"क्वीन्सलंडमधल्या बिलारा ओढ्याला..." ती वाचू लागली आणि थांबली.

"हं? पुढे?"

"लायल ट्रँटर यांनी त्यात गाडी घातली."

"घातली! घालणारच! मग?"

"गाडी अडकली. पोहत सुखरूप काठाला लागले."

"मग त्यात काय विशेष?"

"परत पाण्यात उतरले."

"का गं?" ग्लेनिसला आधीच हसू फुटायला लागले होते.

नोलीनने शेवटपर्यंत वाचले. आवाज सपाट, जसे कुणी औषधाच्या बाटलीवरचे वाचते. शेवटचे वाक्य आले आणि ग्लेनिस पोट धरून हसली. "आई गं! बिअरसाठी! या पुरुषांना ना—"

"ग्लेनिस," नोलीन म्हणाली, "हा माझा लायल."

मित्रांनो, मी पुष्कळ प्रकारचे हसणे ऐकले होते. हसणे असे मध्येच मरताना प्रथमच ऐकले.

ग्लेनिस काहीबाही बोलू लागली. मला माहीत नव्हतं, तू कधी सांगितलं नाहीस, आडनाव तर तू माहेरचं लावतेस. नोलीनने फक्त मान हलवली. "तुझं काय चुकलं? गोष्ट चांगली लिहिलीय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, दुसऱ्याच कुणाशी बोलल्यासारखी म्हणाली, "ती बाई केस कापून घरी आली असेल. नवे केस दाखवायला त्याला हाका मारल्या असतील. आणि मी आत्ता हसले."

ती मला पिशवीत घालून घरी घेऊन आली आणि तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले. पाच दिवस मी तिथेच होतो. ती माझ्या बाजूने ताट ठेवी, जेवी, ताट उचली. मला उघडले नाही आणि हलवलेही नाही.

रविवारी तिची मुलगी जोडी आली. अठ्ठावीस वर्षांची, दवाखान्यात क्ष-किरण काढायचे काम करणारी. येताना तिने केक आणला होता. टेबलावर मला पाहिले आणि केकचा डबा तिच्या हातातच राहिला.

"हे कुठून आलं?" ती म्हणाली.

"दुकानात आलं. तुला माहितीये हे पुस्तक?"

जोडी खुर्चीवर बसली. "पंधरा वर्षांची असताना वर्गात कुणीतरी आणलं होतं. तेव्हापासून दिसेल तिथे विकत घेते मी. जुन्या दुकानांतून, बाजारांतून. घेते आणि कचऱ्यात टाकते. अकरा टाकली आत्तापर्यंत. तुला दिसू नये म्हणून."

"तेरा वर्षं! आणि मला बोलली नाहीस?"

"तू तरी काय बोललीस?" जोडीचा आवाज चढला. "तू सांगायचीस, बाबा आजीचं औषध पोचवायला गेले होते. मी सहा वर्षांची होते, मला पटलं. मग मोठी झाल्यावर मी ग्रंथालयात जाऊन जुना पेपर काढला, आई. त्यात फोटो आहे. पोलीस पेटी उघडून दाखवतोय. आत चार बिअरचे डबे. औषधबिवध काही नाही."

नोलीनने केकचा डबा तिच्या हातून घेऊन टेबलावर ठेवला.

"मला राग नाही," जोडी म्हणाली. "लहान पोरीला कोण सांगेल की तुझा बाप बिअरपायी मेला? मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं. पण आज मला खरं सांग. बिअरच होती ना?"

"तूसुद्धा?" नोलीन म्हणाली. एकच शब्द. मग तिने हात टेबलावर पसरले आणि आजवर न सांगितलेले सांगू लागली.

पुरात दोन दिवस वीज नव्हती. लायलची आई डल्सी ओढ्याच्या पलीकडे एकटी राहायची. तिचे इन्सुलिन संपले होते. नोलीनने गावातून आणून ठेवलेल्या तीन कुप्या घरात होत्या, पण इन्सुलिन गार राहायला हवे आणि घरात बर्फाचा खडा नव्हता. बंद फ्रिजच्या तळाशी बिअरचे चार डबे तेवढे अजून गार होते. नोलीनने कुप्या पंच्यात गुंडाळल्या, पेटीत ठेवल्या आणि चारी बाजूंनी ते डबे लावले.

"मी लावले. माझ्या हातानं," ती म्हणाली. "तो हसला. म्हणाला, म्हातारीला वाटेल मी पार्टी करायला आलोय. गाडी अडकली, तो आईच्या बाजूच्या काठावर पोचला. पेटी गाडीत. आई अर्ध्या मैलावर, आणि हात रिकामे. मग काय करणार तो? पाण्यात झाकण उघडलं असेल, हलका पंचा आणि कुप्या गेल्या वाहून. डबे तळाशी राहिले."

"मग तू पेपरवाल्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. बातमीदार पंधरा दिवसांनी आला होता. म्हणाला, बाई, ती बातमी आता जुनी झाली. नंतर मीच गप्प बसले. प्रत्येक वेळी सांगायचं म्हटलं की ते डबे कुणी ठेवले हे आलंच. मी नुसता पंचा भिजवून गुंडाळला असता तर तो फोटोच निघाला नसता."

"आणि आजी?"

"तो गेल्यावर तीन तासांनी हेलिकॉप्टर आलं आणि तिला घेऊन गेलं. अकरा वर्षं जगली त्यानंतर." नोलीनने केकचा डबा जवळ ओढला. "तीन तास थांबला असता तर! काठावर पाटी होती, पुरात उतरू नका. मूर्खपणा तर होताच, जोडी. मी नाही म्हणत नाही. पण तो असा नव्हता."

जोडी रडली. आपण तेरा वर्षे बापाबद्दल काय समजत होतो, याची तिला लाज वाटत होती. नोलीन रडली नाही. तिने केक कापला आणि दोघींनी तो खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोलीनने टेलिफोनच्या पुस्तकातून बॅलरॅटचे डनस्टल शोधले. फोन त्यांनीच उचलला. ऐंशीच्या घरातला, दम लागणारा आवाज. मी शेजारीच होतो, सगळे ऐकू येत होते.

"कोणती गोष्ट म्हणालात?" त्यांनी विचारले.

"पान एकाहत्तर."

"हो, हो! ती लोकांना फार..." आणि ते थबकले. "आपण कोण?"

नोलीनने सांगितले. न चिडता, सगळे सांगितले. कुप्या, पंचा, डबे, तीन तास.

"बाई, मी पेपरातून घेतली होती ती," ते म्हणाले. "जसं छापलं होतं, तसंच."

"ते कळलं. मला एकच विचारायचंय. लिहिण्याआधी तुम्ही कुणाला फोन केला होता? मला नाही. दुसऱ्या कुणाला? त्या मासेवाल्याच्या बायकोला? एखाद्याला तरी?"

"नाही."

"बरं."

"मला कधी सुचलंच नाही," म्हातारबुवा म्हणाले. "ती सगळी माणसं... मला ती कागदाचीच वाटायची. मी काय करू आता, सांगा ना. प्रकाशन बंद पडून सात वर्षं झाली. माझ्याकडे फक्त एक प्रत आहे. नातू सांगतो, तुमच्या गोष्टी लोक हल्ली फोनवर एकमेकांना पाठवतात, माझं नावसुद्धा नसतं त्यांवर. कुठे जाऊन खोडू?"

"मला माहीत नाही," नोलीन म्हणाली. ते माफी मागत होते, ती "हो, हो" म्हणत होती. जणू त्यांनाच धीर द्यायला तिने फोन केला होता.

फोन ठेवल्यावर तिने निळे पेन घेतले आणि माझ्या एकाहत्तराव्या पानाच्या समासात लिहायला बसली. छापील गोष्ट आठ ओळींची. तिची गोष्ट समासात मावेना. वर लिहिले, खाली लिहिले, पान आडवे करून कडेने लिहिले. शेवटी अक्षर मुंगीएवढे झाले. मग तिने पाने मागे उलटली आणि चाळिसाव्या पानावर, कुलुपाच्या वाक्याखाली एवढेच लिहिले, 'हिला कुणीतरी विचारायला हवं होतं.'

माझ्या अंगावर तेव्हा प्रथमच खरे काहीतरी लिहिले गेले. मला वाटले, आता जो मला उघडेल त्याला कळेल. मित्रांनो, मी किती भोळा होतो!

सात वर्षांनी नोलीन गेली. मी जोडीच्या घरी आलो. तिचे लग्न झाले होते. एका रविवारी तिच्या नवऱ्याच्या कामावरचे चार-पाच लोक जेवायला आले होते. त्यांतल्या एकाने फळीवरून मला ओढले. "अरे, हे! लहानपणी आमच्या घरी होतं! यात ती बिअरवाल्याची गोष्ट आहे!" मी उघडलो. तो वाचू लागला. समासातल्या निळ्या अक्षराकडे त्याने एकदा पाहिले, कुणीतरी रेघोट्या ओढल्या असतील असे समजून अंगठा त्यावर ठेवला, आणि छापलेले तेवढे वाचले.

सगळे हसले. जोडीचा नवरा हसला नाही. तो तिच्याकडे बघत होता.

जोडी उठली. "ते माझे वडील," ती म्हणाली. आणि तिने पहिल्यांदाच परक्या माणसांसमोर सारी हकीकत सांगितली. नीट सांगितली, आईसारखीच, न चिडता. ज्याने वाचले होते तो मान खाली घालून म्हणाला, "सॉरी, जोडी. खरंच सॉरी." एक बाई डोळे टिपत होत्या.

मला वाटले, झाले. एवढ्यासाठी तीस वर्षे लागली, पण झाले.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेल्या एकाने, वातावरण हलके करावे म्हणून असेल, चांगल्याच हेतूने असेल, हळूच म्हटले, "पण काही म्हणा, बिअर होती ना?"

आणि ते हसले. ओठ दाबून, खांदे हलवत, एकमेकांची नजर चुकवत हसले. डोळे टिपणाऱ्या बाईसुद्धा. वाईट माणसे नव्हती ती. हसू आवरले नाही, एवढेच. जोडीने त्यांची ताटे उचलली, कॉफी विचारली आणि ते सगळे गेल्यावर मला कपाटावर अगदी वर, भिंतीला टेकवून ठेवले. कचऱ्यात टाकले नाही. तिच्या आईचे अक्षर होते ना माझ्यावर.

आता मी तिथेच असतो. माझ्या बाकीच्या भावंडांचे काय झाले मला ठाऊक नाही. कुठल्या तरी खिडकीच्या कट्ट्यावर ती अजून उघडत असतील आणि बंद दाराआडून कुणी तरी हसत असेल. त्यांच्या अंगावर निळी अक्षरे नाहीत.

मित्रांनो, हसू नका असे मी कोणत्या तोंडाने सांगू? हसवायलाच माझा जन्म झाला. खरे सांगायचे तर माझ्या सांगण्याने काही थांबेल, अशी आशाही आता मला उरलेली नाही. तरी एक मागणे मागतो. दुसऱ्याच्या मूर्खपणाची गोष्ट तुमच्या हाती येईल, तेव्हा हसून झाल्यावर घटकाभर थांबा आणि तिच्या कडेच्या कोऱ्या जागेकडे पाहा. माझ्यात अजून एकशे सेहेचाळीस पाने अशी आहेत, ज्यांच्या समासात कुणीच काही लिहिलेले नाही.